लायसन्स तीन महिने गेलं तर? दंड भरूनही विषय का संपत नाही, आणि उजळणी कोर्स नेमका कशासाठी असतो

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ऐकलेलं पुन्हा एकदा वाचून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे इकडेतिकडे झालं ते थोडं नीट केलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. ड्रायव्हिंग लायसन्स निलंबित होणं, आणि ते परत मिळवण्यासाठी करावा लागणारा कोर्स. पण काळाचौकी, लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात किती घरांची चूल आज दुचाकीवर चालते ते आठवा. जेवणाची पार्सलं पोचवणारे, कुरिअरवाले, बाईक टॅक्सी चालवणारे, मेडिकलच्या दुकानातून औषधं घरपोच देणारे. यांच्यासाठी लायसन्स म्हणजे पाकिटातलं एक कार्ड नाही, ती नोकरी आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी 'पॉइंट' म्हणजे काय?

तुमचा एखादा मावसभाऊ अमेरिकेत, लंडनला नाहीतर दुबईला असेल, तर त्याच्या तोंडून ऐकलं असेल, "अरे, लायसन्सवर पॉइंट आले." तिथली पद्धत साधी आहे. तुम्ही नियम मोडला की दंड तर होतोच, शिवाय तुमच्या लायसन्सच्या नावे काही पॉइंट जमा होतात. ठरावीक आकडा गाठला की लायसन्स जातं.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांत 12 पॉइंट झाले की कोर्ट साधारणपणे गाडी चालवायला बंदी घालतं. नवीन ड्रायव्हरला तर पहिल्या दोन वर्षांत 6 पॉइंटांवरच लायसन्स गमवावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत हा आकडा 24 आहे, तिथे त्यांना 'ब्लॅक पॉइंट' म्हणतात.

आता गंमत पुढे आहे. हे पॉइंट कमी करता येतात. अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य घ्या, जिथे एडिसनच्या आसपास आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथे 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग'चा कोर्स केला की रेकॉर्डवरचे 2 पॉइंट उतरतात, पण पाच वर्षांतून एकदाच. वर्षभर एकही नियम मोडला नाही तर आणखी 3 पॉइंट आपोआप कमी होतात. ब्रिटनमध्ये वेगमर्यादा थोडीशीच ओलांडली असेल तर पोलीस पर्याय देऊ शकतात: पॉइंट घ्या, नाहीतर 'स्पीड अवेअरनेस'चा कोर्स करा. कोर्स केलात तर पॉइंट लागतच नाहीत. पण तीन वर्षांच्या आत पुन्हा तसंच पकडलं गेलात तर हा पर्याय मिळत नाही.

कोर्सने खरंच फरक पडतो का? ब्रिटनच्या परिवहन खात्याने 2018 मध्ये यावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की दंड आणि पॉइंट घेणाऱ्यांच्या तुलनेत कोर्स करणारे लोक पुन्हा वेगात सापडण्याचं प्रमाण कमी होतं. अपघात कमी झाले का, याचं मात्र तसं ठाम उत्तर त्या अभ्यासात निघालं नाही. म्हणजे कोर्स ही काही जादूची कांडी नाही, पण अगदीच टाइमपास पण नाही.

मग आपल्याकडे पॉइंट आहेत का?

सरळ उत्तर: महाराष्ट्रात काळाचौकीच्या मुलाच्या लायसन्सवर परदेशासारखे पॉइंट जमा होत नाहीत.

देशात प्रयोग झालाय. हैदराबादमध्ये ऑगस्ट 2017 पासून पेनल्टी पॉइंट सुरू केले गेले. 24 महिन्यांत 12 पॉइंट झाले की एक वर्ष लायसन्स निलंबित, असा तो नियम. हेल्मेट नसेल तर एक पॉइंट, दारू पिऊन गाडी चालवली तर जास्त, अशी उतरंड होती. केंद्रीय पातळीवरही लायसन्सला चांगले-वाईट गुण जोडायची चर्चा अधूनमधून बातम्यांत येते.

पण आपल्याला रोज लागू होतो तो मोटार वाहन कायदा, 1988, आणि त्यात 2019 ला झालेली मोठी दुरुस्ती. त्या दुरुस्तीने 'ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्स' कायद्यात आणला. आपण त्याला सोप्या भाषेत उजळणी कोर्स म्हणू.

इथेच आपल्या आणि परदेशातल्या पद्धतीत एक मूलभूत फरक आहे, आणि आजच्या भागाचा गाभा तोच आहे. तिकडे कोर्स हा शिक्षेऐवजी असतो. म्हणजे कोर्स करा, पॉइंट वाचवा, गाडी चालवत राहा. आपल्याकडे कोर्स हा शिक्षेनंतर असतो. लायसन्स निलंबित होणार, तीन महिने जाणार, आणि त्यानंतर कोर्स पूर्ण केला असेल तरच कार्ड परत हातात येणार. तिकडे तो सुटकेचा रस्ता आहे, इकडे परतीचा.

दुसरा फरक. पॉइंटची पद्धत तुम्हाला आधी इशारा देते. सहा झाले, आठ झाले, आता जपून. आपल्याकडे मधली पायरी नाही. काही गुन्हे असे आहेत की पहिल्याच वेळी थेट तीन महिन्यांची भाषा सुरू होते.

कोणत्या गोष्टींसाठी लायसन्स जाऊ शकतं?

कायद्याचं कलम 206, पोटकलम 4. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पावतीवर किंवा नोटिशीत तो दिसला तर समजायचं की मामला फक्त दंडाचा नाही. या कलमाखाली अधिकार दिलेला पोलीस अधिकारी तुमचं लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतो. कशासाठी?

- वेगमर्यादा ओलांडणं (कलम 183)
- धोकादायक पद्धतीने चालवणं (कलम 184)
- दारू किंवा नशेत चालवणं (कलम 185)
- रस्त्यावर रेस लावणं (कलम 189)
- असुरक्षित अवस्थेतली गाडी चालवणं (कलम 190)
- दुचाकीवर ट्रिपल सीट (कलम 194 क)
- हेल्मेट नसणं (कलम 194 ड)
- अ‍ॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेडला वाट न देणं (कलम 194 इ)

'धोकादायक' या शब्दात काय काय बसतं तेही 2019 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलंय. लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून बोलणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं आणि राँग साइडने येणं. पुढचा कट लांब आहे म्हणून आंबेडकर रोडवर पन्नास मीटर उलटं येणारे आपण रोज बघतो. "एवढंसं तर होतं" असं म्हणतो. पण पोलिसांनी 184 लावलं तर ते 'एवढंसं' राहत नाही.

हेल्मेटबद्दल आपल्या शहराचं वेगळं सांगायला हवं. 2022 च्या मे महिन्यात मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी जाहीर केलं की मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच, आणि 9 जून 2022 पासून कारवाई सुरू झाली. दंड 500 रुपये, आणि तीन महिने लायसन्स निलंबन. लोकांच्या डोक्यात पहिला भाग राहिला, दुसरा निसटला. 500 चा आकडा प्रत्येकाला पाठ आहे, तीन महिन्यांचं विचारा, "असं असतं का?" म्हणतील.

हे इतकं कडक का, असंही काही जण विचारतात. देशाच्या रस्ते अपघात अहवालातला 2022 चा एक आकडा सांगतो. त्या एका वर्षात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. त्यातले साधारण 44 टक्के दुचाकीवरचे. आणि हेल्मेट न घातलेले जे मेले त्यांची संख्या 50,029, त्यात चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. मागे बसलेली म्हणजे कोण? आपली बहीण, मित्र, आई.

कागद पुढे कसा सरकतो?

समजा, अभ्युदयनगरात राहणारा एक मुलगा आहे. वय बावीस. संध्याकाळी सहा ते रात्री बारा पार्सलं पोचवतो. गणपतीच्या दिवसांत चिंचपोकळीचा आगमन सोहळा बघायला तो दोन मित्रांना घेऊन निघाला. ट्रिपल सीट, हेल्मेट घरी. नाक्यावर अडवलं.

पहिली पायरी. पोलीस चलान करतात आणि लायसन्स ताब्यात घेतात. बदल्यात एक तात्पुरती पोच मिळते. इथे बहुतेक जण फसतात. ही पोच दाखवून गाडी चालवता येईल असं वाटतं. कायदा उलट सांगतो: ती पोच म्हणजे गाडी चालवायची परवानगी नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत हँडलला हात लावायचा नाही.

दुसरी पायरी. लायसन्स आरटीओकडे जातं. आपल्या काळाचौकीच्या भागासाठी ते ताडदेवचं कार्यालय, एमएच 01 वालं. वडाळ्याचं एमएच 03 जवळ वाटतं म्हणून तिकडे धावू नका. आधी कागदावर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे ते बघा. कागदावर 'लायसन्स' ऐवजी 'अनुज्ञप्ती' असा शब्द असेल, दंडाला 'तडजोड शुल्क' म्हटलं असेल. घाबरू नका, तेच ते.

तिसरी पायरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: सुनावणी. कलम 19 च्या नव्या पोटकलमात लिहिलंय की आदेश काढण्याआधी लायसन्सधारकाला म्हणणं मांडायची संधी द्यायची. अधिकाऱ्यासमोर दोन पर्याय असतात. एक, तुमचं म्हणणं पटलं तर सोडून देणं. दोन, कारणं लेखी नोंदवून निलंबनाचा आदेश काढणं. बहुतेक मुलं नोटीस आली की ती फ्रिजवर ठेवतात आणि तारखेला जातच नाहीत. मग अधिकाऱ्यासमोर फक्त पोलिसांचा कागद उरतो. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, म्हणजे त्या दिवशी गाडी तुम्ही चालवतच नव्हतात, किंवा फोटोत दिसणारी गाडी दुसऱ्याची आहे, तर ते सांगायची जागा हीच. नाक्यावरच्या हवालदाराशी घातलेली हुज्जत नाही.

चौथी पायरी, आदेश. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर सापडलात तर निलंबन नाही, थेट लायसन्स रद्द. आणि रद्द झालेल्यांची नावं जाहीर करायची तरतूदही कायद्यात आहे. आदेश चुकीचा वाटला तर तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. म्हणून आदेश कोणत्या तारखेला मिळाला ते लिहून ठेवा.

पाचवी पायरी, कोर्स. तीन महिने संपले की कार्ड आपोआप घरी येईल असं नाही. कलम 19 सांगतं की उजळणी कोर्स यशस्वीपणे पूर्ण केला असेल तरच लायसन्स परत. कोर्स कुठे करायचा? कलम 12 खाली परवाना असलेल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्र सरकारने नेमून दिलेल्या संस्थेत. गल्लीतला ओळखीचा कुणी "मी सर्टिफिकेट देतो" म्हणाला तर त्याच्याकडे परवाना आहे का ते आधी बघा. परवाना नसलेल्याचं सर्टिफिकेट म्हणजे रद्दी, आणि तुमचे पैसे पाण्यात.

इथे एक छोटी पण कामाची सूचना. कोर्स तीन महिने संपल्यावर शोधायला लागलात तर चौथा महिनाही जाईल. आदेश मिळाला त्याच आठवड्यात आरटीओत विचारा की कोर्स कुठे मान्य आहे आणि निलंबनाच्या काळातच तो करता येईल का. सर्टिफिकेट खिशात तयार ठेवा.

"पण मी दंड भरला ना!"

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मोबाइलवर चलान आलं, यूपीआयने 500 भरले, स्क्रीनवर हिरवी खूण आली. विषय संपला?

नाही. कलम 200 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी घातल्या आहेत. पहिली, दंड भरून प्रकरण मिटवलं तरी 206 (4) खालची लायसन्सची कारवाई सुटत नाही, आणि कोर्सची सक्तीही सुटत नाही. दुसरी, दंड भरून मिटवलेला गुन्हाही 'पहिला गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे पुढच्या वेळी सापडलात की तुम्ही 'दुसऱ्यांदा'वाले.

दंडाचा हिशोब एका खिडकीत, लायसन्सचा हिशोब दुसऱ्या खिडकीत. पहिल्या खिडकीची पावती दुसरीकडे चालत नाही. लोक अदालतीतही बहुतेक जण दंडाची रक्कम कमी व्हावी म्हणून जातात. ते झालं म्हणजे आरटीओतली फाइल बंद झाली असं धरून चालू नका.

आता आपल्या त्या मुलाचं गणित मांडू. समजा, त्याला खर्च वजा जाता दिवसाला 700 रुपये सुटतात आणि महिन्यात तो 26 दिवस काम करतो. तीन महिन्यांचे 78 दिवस. 78 गुणिले 700 म्हणजे 54,600 रुपये. चलानवर आकडा काही शेकड्यांचा दिसत होता. खरा दंड कुठे आहे बघा. बाईकचा हप्ता चालू असेल तर तो यात धरलेलाच नाही.

तीन महिने चोरून चालवली तर?

"रात्रीच चालवतो, आतल्या गल्लीगल्लीने जातो," असा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पोटाचा प्रश्न असतो. पण धोका किती आहे ते स्वच्छ माहीत असावं.

एक: निलंबनाच्या काळात गाडी चालवणं हा कलम 182 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

दोन: "मोबाइलमध्ये डिजिलॉकरला लायसन्स दिसतंय की!" दिसू दे. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांनुसार निलंबित आणि रद्द झालेल्या लायसन्सची नोंद सरकारी पोर्टलवर ठेवली जाते. नंबर टाकला की अधिकाऱ्याला स्थिती कळू शकते. हरवलं म्हणून डुप्लिकेट काढायची आयडियाही त्याच भिंतीवर आपटते.

तीन, आणि हे सगळ्यात गंभीर: विमा. तुमच्या बाईकच्या पॉलिसीत एक ओळ असते. गाडी चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असायला हवं आणि तो लायसन्स बाळगायला अपात्र ठरवलेला नसावा. निलंबन म्हणजे नेमकं तेच. त्या काळात कुणाला धडक बसली तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मालक कोण? बऱ्याचदा वडील, काका, नाहीतर शेजारचा दादा. आणि निलंबित माणसाच्या हातात जाणूनबुजून गाडी दिली म्हणून मालकावरही कलम 180 खाली 5,000 रुपये दंडाची वेळ येऊ शकते. एका संध्याकाळच्या चार ऑर्डरींसाठी काकांचं घर अडचणीत येतं.

एक बाईक, चार भाऊ

आपल्या भागाचं एक वैशिष्ट्य आहे. चाळीत, कॉलनीत एक बाईक चौघं वापरतात. "दादा, चावी दे रे, परळपर्यंत जाऊन येतो." प्रेमाने दिली जाते. पण कॅमेऱ्याला प्रेम कळत नाही, त्याला नंबर प्लेट कळते.

कॅमेऱ्यावरचं ई-चलान गाडीच्या नावे येतं, म्हणजे मालकाच्या मोबाइलवर. लायसन्सची कारवाई मात्र चालवणाऱ्या माणसावर व्हायला हवी. दोन्ही जुळवायला कायद्यात कलम 133 आहे: विचारणा झाली तर गाडी कोण चालवत होतं याची माहिती देणं मालकाचं कर्तव्य आहे. उद्या आपल्याकडे पॉइंटची पद्धत आली तर सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच असणार. नंबर प्लेटवर पॉइंट टाकले तर सज्जन मालक अडकणार आणि चावी मागून नेणारा मोकळा सुटणार.

तोपर्यंत आपण करण्यासारखं एकच. गाडी कुणाला दिली, कधी दिली, याचा एक साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असू द्या. "बाईक घेतली, 7 वाजता परत." कुणी चिडणार नाही, आणि सुनावणीला सांगायची वेळ आली तर हाताशी काहीतरी असेल.

डाग पुसला जातो का?

परदेशात वर्षभर नीट चालवलं की पॉइंट उतरतात. आपल्या कायद्यात असं काहीच नाही का? आहे, पण फारसं कुणाला माहीत नाही.

कोर्टाने दोषी ठरवून लायसन्स बाळगायला अपात्र केलं की लायसन्सवर तसा शेरा मारला जातो. हा शेरा तुम्ही लायसन्स नवं केलंत तरी त्यावर उतरवला जातो. पण कलम 25 सांगतं: शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा नाही आला, तर जुनं लायसन्स जमा करून शेऱ्याशिवाय कोरं लायसन्स मागायचा तुम्हाला हक्क आहे. शेरा फक्त वेगमर्यादेचा असेल तर एक वर्ष पुरतं. निलंबनाचा काळ मात्र या वर्षांत धरत नाहीत. कायद्यात या कामाची फी लिहिली आहे पाच रुपये! 1988 सालची भाषा आहे ती.

म्हणजे 'नीट वागलास तर पाटी कोरी' हे तत्त्व आपल्याकडे आधीपासून आहे. कोर्स केल्याने तो काळ कमी होत नाही, एवढाच फरक.

मग आपल्याकडची पद्धत बरी की तिकडची?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू, गाडी चालवताना मोबाइल यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. आणि हेल्मेट, सीट बेल्टवाल्यांना किमान दोन तास बसवून समुपदेशन करा. विचार बरोबर होता. नुसत्या दंडाने श्रीमंताला काही वाटत नाही. तीन महिने गाडी बंद झाली की त्यालाही लागतं.

पण सगळ्यांना ते सारखं लागत नाही. ज्याच्याकडे ड्रायव्हर आहे त्याचे तीन महिने मागच्या सीटवर जातात. ज्याची बाईक हीच नोकरी आहे, त्याचे तीन महिने उधारीवर जातात. म्हणून पहिल्या वेळी, जिथे कुणाला इजा झालेली नाही अशा गुन्ह्यासाठी, "कोर्स कर, निलंबन टळेल, पण पुढची तीन वर्षं ही सवलत नाही" असा मधला पर्याय आपल्याकडेही असायला हरकत नाही. दारू आणि रेस यांना अजिबात नाही. हेल्मेटवाल्याला जरूर द्यावा. दोन तास बसून डोक्याला मार लागला की काय होतं ते ऐकलेला मुलगा, आणि तीन महिने चोरून गाडी चालवणारा मुलगा, यातला कोण रस्त्यावर जास्त सुरक्षित? मला पहिला वाटतो.

तोवर कायदा आहे तो आहे.

श्रोत्यांचे तीन प्रश्न

*"लायसन्स निलंबित असताना मी इलेक्ट्रिक स्कूटर चालवू शकतो का?"*
ज्या गाडीला नंबर प्लेट आणि लायसन्स लागतं ती नाही. आदेशात गाड्यांचे कोणते प्रकार लिहिले आहेत ते वाचा. सगळे असतील तर सगळेच बंद.

*"माझ्या कंपनीला सांगू की नको?"*
सांगा. डिलिव्हरीच्या अ‍ॅपवर तुम्ही लायसन्स जोडलेलं असतं. लपवून काम केलं आणि अपघात झाला तर कंपनीही हात वर करेल आणि विमाही. त्यापेक्षा तीन महिने सायकलवरचं किंवा आतलं काम मिळतं का, ते विचारा.

*"पोलिसांनी लायसन्स घेतलंच नाही, फक्त फोटो काढून चलान केलं. मग मी सुटलो?"*
लगेच खूश होऊ नका. आरटीओची नोटीस नंतर येऊ शकते. लायसन्सवरचा पत्ता जुना असेल, गावचा असेल, तर नोटीस तिकडे जाईल आणि तुम्हाला कळायच्या आत एकतर्फी आदेश निघेल. पत्ता आणि मोबाइल नंबर परिवहनच्या सारथी पोर्टलवर अपडेट करून ठेवा. आजच करा.

जाता जाता, स्क्रीनशॉट काढून ठेवा

1. चलानवर कोणतं कलम आहे ते वाचा. 183, 184, 185, 194 क, 194 ड दिसलं तर लायसन्सकडे लक्ष.
2. लायसन्स घेतलं तर पोच मागा, पण पोचीवर गाडी चालवू नका.
3. सुनावणीची तारीख चुकवू नका. सोबत पुरावा न्या.
4. आदेश मिळाल्याची तारीख लिहा. अपिलाला 30 दिवस.
5. कोर्स परवानाधारक ठिकाणीच, आणि तीन महिने संपायच्या आत चौकशी करा.
6. निलंबनात गाडी दुसऱ्याची असली तरी चालवू नका.
7. आणि हेल्मेट दोन घ्या. दुसरं मागच्या माणसाचं.

हा भाग त्या एका मित्राला पाठवा जो नेहमी म्हणतो, "अरे, पाचशे रुपये भरू, काय होतंय!" त्याला सांगा, काय होतं ते. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत जपून चालवा, सिग्नलला थांबा. भेटू!